स्क्रू एक्स्ट्रॅक्टर सेट आणि वेसलचा इम्पॅक्टा: आरएक्स हंड्रेडच्या कार्बोरेटरवर वापरून बघितले, त्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच जातील. कार्बोरेटरमधला अडकलेला जेट (पेट्रोल मोजून सोडणारा, बारीक भोकाचा पितळी स्क्रू) काढायला म्हणून पाच नगांचा एक्स्ट्रॅक्टर सेट (तुटलेले, अडकलेले स्क्रू उपसून काढायचे तुकडे) घेणार असाल तर घेऊ नका. पाचात दोन स्टार, तेही दुसऱ्या कामाला उपयोगी पडतो म्हणून. वेसल या जपानी कंपनीचा इम्पॅक्टा स्क्रू ड्रायव्हर मात्र डोळे झाकून घ्या, साडेचार स्टार, अर्धा कापलाय तो किमतीसाठी.

आता सविस्तर. गाडी मामाची यामाहा आरएक्स हंड्रेड, म्हणजे 1985 ते 1996 या काळातली टू-स्ट्रोक (पेट्रोलसोबत ऑईलही जाळणारी), आमच्या कोल्हापूर भागात या गाडीचा नाद काय असतो ते वेगळं सांगायला नको. पावसाळाभर पन्हाळ्याच्या बाजूला गावी गोठ्याशेजारी उभी होती, पेट्रोल कार्बोरेटरमध्ये तसंच. त्यात मामाने ऑईल पंप केव्हाच बंद करून पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायला सुरुवात केलेली, त्यामुळे पेट्रोल उडून गेलं आणि ऑईलचा चिकट काळपट थर राहिला, आणि हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे खाली पांढरी पूड धरलेली. वर गावातल्या एका मेकॅनिकने जाड स्क्रू ड्रायव्हर घालून पायलट जेटची (गाडी हळू चालताना पेट्रोल देणाऱ्या छोट्या जेटची) खाच दोन्ही बाजूंनी गोल करून ठेवलेली. गाडी चोक ओढला की चालायची, चोक सोडला की बंद. पायलट जेट बुजल्याचं हे अगदी ठरलेलं लक्षण.

पहिला अडथळा जेटच्या आधीच येतो, फ्लोट चेंबरचे (कार्बोरेटरच्या खालच्या पेट्रोलच्या वाटीचे) स्क्रू. जुन्या यामाहा, होंडा, सुझुकीच्या कार्बोरेटरवरचे चार पाकळ्यांचे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे असले तरी ते जपानी मापाचे असतात, डोक्यावर बऱ्याचदा एक बारीक ठिपका असतो, तो दिसला की समजायचं. साधा फिलिप्स त्यात पूर्ण तळाला टेकत नाही, जोर लावला की वर चढतो आणि डोकं खातो. आपल्या नाशिकच्या टपारियाचे स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे कधीपासून आहेत, माझी काही तक्रार नाही, पण फिलिप्स तो फिलिप्सच. वेसलचं टोक या स्क्रूत घातलं की घट्ट बसतं, हातानं ओढून बघितलं तरी डुगडुगत नाही, हा फरक पहिल्याच स्क्रूला कळतो.

आणि इम्पॅक्टाची खरी गंमत मागच्या लोखंडी टोपीत आहे. स्क्रूत टोक दाबून धरायचं, मागे हातोडी मारायची, की पातं सुटायच्या दिशेने बारा अंश फिरतं. बस एवढंच. पण अडकलेल्या स्क्रूला हा झटका आणि फिरकी एकदम मिळते, गंज किंवा जुना डिंक तुटतो, मग पुढचा हाताने सुटतो. सुटायच्या दिशेनेच फिरतो हं, आवळायला हा झटका नाही, आवळायला साध्या स्क्रू ड्रायव्हरसारखाच वापरायचा. पी टू साईजचा (दोन नंबर टोकाचा), शंभर मिलिमीटर पात्याचा घेतला तर कार्बोरेटर आणि इंजिनची साईड कव्हर दोन्ही होतात. हातोडी मात्र हलकी, आणि कार्बोरेटर व्हाईसमध्ये आवळून मारू नका, लाकडी फळीवर ठेवा, बॉडी डायकास्ट, म्हणजे धातू साच्यात ओतून केलेली असते, स्क्रूचा कान तुटला की संपलं. तो जुना मोठा इम्पॅक्ट ड्रायव्हर असतो ना, अर्धा किलोचा, तो इंजिनला ठीक, कार्बोरेटरजवळ आणूच नका. एवढ्याशा हत्याराला हजाराच्या पुढे पैसे मोजताना हात थरथरतो खरं, पण चेंबरचे सगळे स्क्रू डोकी न खाता निघाले आणि तेच परत बसवले.

आता एक्स्ट्रॅक्टर. दोनशे-तीनशेत मिळतो तो, निमुळते उलट्या आट्यांचे पाच तुकडे, डबीवर छापलेलं असतं कुठला किती मिलिमीटरच्या स्क्रूला. त्यातला सगळ्यात छोटा तीन ते सहा मिलिमीटरसाठी. म्हणजे पाचातले चार कार्बोरेटरसाठी तसेही बादच, पैसे एका तुकड्याचे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण एका कंपनीचा दोष नाही, या पद्धतीचे सगळेच असे.

अडचण कुठे आहे ते नीट समजून घ्या. हा तुकडा पाचरीसारखा काम करतो, जितका आत फिरवाल तितका रुततो. बोल्ट पोलादी आणि जाड असेल तर ठीक. पण पायलट जेट पितळेचा, मऊ, आणि बाजूचा भाग पातळ. एक्स्ट्रॅक्टर रुतला की पितळ बाहेरच्या बाजूला फुगतं आणि आटे अजून घट्ट बसतात, म्हणजे सोडवायला गेलो आणि आवळून आलो. जास्त जोर केला तर बॉडीतलं नळकांडंच चिरतं. त्याहून वाईट म्हणजे एक्स्ट्रॅक्टरच आत मोडतो. तो कडक पोलादाचा, त्याला साधं ड्रिल लागत नाही, घसरतं आणि शेजारचं मऊ ॲल्युमिनियम खातं. मग कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीत स्पार्क इरोजनवाल्याकडे (विजेच्या ठिणगीने कडक धातू झिजवून काढणाऱ्याकडे) जायचं आणि तो सांगेल ते द्यायचे.

मी छोटा तुकडा टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) हँडलमध्ये धरून हाताने लावून बघितला, ड्रिल मशीनला लावला नाही. पहिल्याच पाव फेरीत पितळ फाकायला लागलेलं स्पष्ट दिसलं, तिथेच थांबवला. म्हणजे प्रॉडक्ट चुकीचं नाही, जागा चुकीची आहे.

मग जेट निघाला कसा? गरम पाण्याने. हसू नका. पितळ तापवल्यावर जेवढं फुगतं त्यापेक्षा ॲल्युमिनियम जास्त फुगतं, झिंकची बॉडी असेल तर अजून जास्त, त्यामुळे सगळी बॉडी तापली की भोक जेटपेक्षा किंचित जास्त मोठं होतं. रबर, ओ रिंग, प्लॅस्टिक फ्लोट, सगळं आधी काढून घ्यायचं, पेट्रोलचा थेंब राहिला नाही बघायचं, आदल्या रात्री भेदक तेल सोडून ठेवायचं, आणि मग बॉडी उकळत्या पाण्यात. घरच्या पातेल्यात नाही, मामीने पातेल्याबद्दल जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. हॉट एअर गन असेल तर तीही चालते. गॅसची ज्योत अजिबात नको, पेट्रोलची वाफ हा एक धोका आणि झिंकची बॉडी चारशे अंशाच्या आतच वितळते हा दुसरा.

आणि स्क्रू ड्रायव्हर. जेट खोल भोकात असतो, त्यामुळे भोकाएवढंच रुंद आणि खाचेएवढंच जाड पातं पाहिजे. विकत असं नेमकं माप मिळत नाही, एक जुना चपट्या टोकाचा घेऊन कानशीने घासून बनवला, ग्राइंडरवर घासत असाल तर मध्ये मध्ये पाण्यात बुडवा नाहीतर टोक मऊ पडतं. गोल झालेल्या खाचेतही तळाशी थोडी जागा शिल्लक असते, तिथे हे पातं धरलं. गरम असतानाच खाली दाबून आधी केसभर आवळायचं, मग सोडायचं. टक् आवाज आला आणि फिरला. खर्च विचाराल तर एक जुना स्क्रू ड्रायव्हर आणि मामीची बोलणी.

याने नसता निघाला तर माझा पुढचा नंबर उलट्या धारेच्या ड्रिलचा होता, एक्स्ट्रॅक्टरचा नाही. जेटला मध्ये भोक असतंच, त्यामुळे ड्रिल आपोआप मध्यावर राहतं, आणि उलटं फिरत असल्याने कापता कापता बऱ्याचदा जेटच बाहेर घेऊन येतं. तेही नाही जमलं तर पायरी पायरीने मोठं ड्रिल लावून फक्त आट्यांची पातळ कडी शिल्लक ठेवायची आणि ती टोकदार सुईने उचकटायची. इथे घाई करणाऱ्याने सरळ चांगला लेथवाला गाठावा.

एक्स्ट्रॅक्टर सेट मी परत केला नाही. क्रँककेस कव्हरचे तुटलेले सहा मिलिमीटरचे बोल्ट, सायलेन्सरचा स्टड, असल्या जाड पोलादी कामाला ठेवलाय, सरळ मध्यावर भोक पाडलं तर तिथे तो बऱ्यापैकी चालतो. कार्ब क्लीनर स्प्रेबद्दल काहीजण विचारतील, घाण काढतो, पण अडकलेला जेट सोडवायचं त्याचं काम नाही आणि रबरावर पडला तर रबर फुगवतो.

नवीन पायलट जेट घेताना जुना सोबत न्या आणि त्यावरचा आकडा जुळवा. आरएक्सचा कार्बोरेटर मिकुनीचा, दुकानदार केहिन या दुसऱ्या कंपनीचा जेट हातात देऊन आकडा तोच आहे म्हणाला तरी घेऊ नका, दोघांचे आटेही वेगळे आणि आकड्यांचा हिशोबही वेगळा. भोक साफ करायला स्टीलची तार घालू नका, वायरमधली तांब्याची एक बारीक काडी पुरते. नवीन जेट बसवताना फक्त टेकेपर्यंत आवळा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यानंतर परत पाणी उकळायला ठेवावं लागेल, आणि मामी पातेलं देणार नाही.