हँडलच्या टोकाचे आरसे: नऊ महिने वापरल्यावर

मोटरसायकलबरोबर आलेल्या आरशांत मला काय दिसायचं, तर माझीच दोन कोपरं. त्यांच्या कडेने रस्त्याची एक चिंचोळी पट्टी. जाड जॅकेट घातलं की तीही गायब. मागचं बघायचं तर कोपर पोटाशी घ्या, मान तिरकी करा, मग आरशात डोकवा. वर्षभर ही कसरत केल्यावर वैतागून हँडलच्या टोकाला बसतात ते बार-एंड आरसे घेतले. गोल, फुगीर काचेचे, दोन्ही बाजूंना.

आता कळतंय की त्याआधी जुने आरसेच नीट लावून बघायला हवे होते. मी कायम साइड स्टँडवर गाडी कललेली असताना आरसा लावायचे. गाडी सरळ झाली की सगळं बिघडायचं. मेन स्टँडवर, हेल्मेट-जॅकेट चढवून, चालवताना बसतो तसं बसून लावायचा, मागचा रस्ता काचेच्या मध्यावर आला पाहिजे आणि आतल्या कडेला कोपराचा जेमतेम तुकडा दिसला पाहिजे. एवढ्यानेही बराच फरक पडतो. माझ्या गाडीचं हँडल मुळातच अरुंद, त्यामुळे मला तेवढं पुरलं नसतं, हे खरं.

बसवायला अर्धा तास लागेल असं वाटलं होतं. हँडलच्या टोकाला धातूचं एक वजन असतं, ते आधी काढावं लागतं, आणि त्याचा स्क्रू कारखान्यातच डिंक लावून घट्ट केलेला. अ‍ॅलन की (षटकोनी किल्ली) फिरेना, आणि जोर लावला तर स्क्रूच्या डोक्याचे कोपरे झिजायला लागले. शेवटी हेअर ड्रायरने दहा मिनिटं गरम केला तेव्हा कुठे सुटला. नव्या आरशाला पाइपच्या आत फुगणारं रबर असतं, स्क्रू आवळला की ते आतून पकड घेतं. तिसऱ्या आठवड्यात भर वेगात डावा आरसा हळूच गोल फिरला आणि मला डांबर दाखवायला लागला. पाइपच्या आत तेलाचा हात होता, पकड बसणार कशी? स्पिरिटने पुसून पुन्हा बसवला, त्यानंतर हललेला नाही.

बसवल्यावर पहिला दिवस मात्र सणासारखा गेला. कोपर गायब, अख्खा रस्ता, शेजारची लेन, सगळं काचेत. पण इंजिन पाच हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) वर गेलं की चित्र साफ विस्कटायचं. मागच्या गाडीचे दोन दिवे चार व्हायचे, ते एकमेकांत मिसळायचे. दोष काचेचा नव्हता. मी काढून टाकलेली ती वजनं तिथे शोभेला नव्हतीच, इंजिनची थरथर हँडलच्या टोकाशी दाबायला होती. ती काढून त्याच जागी हलका आरसा लटकवला, मग दुसरं काय होणार! पाइपच्या आत पितळी वजन सरकवलं तेव्हा चित्र बऱ्यापैकी थांबलं. हाताला मुंग्या यायच्या त्याही कमी झाल्या. घेणार असाल तर मूळ वजन तसंच ठेवून बसणारा आरसा बघा.

खरा घोळ वेगळाच निघाला. दुसऱ्या महिन्यात एक ट्रक आरशात इवलासा दिसला, बराच लांब आहे म्हणून मी इंडिकेटर देऊन लेन बदलायला घेतली आणि भोंगा थेट कानाशी वाजला. परत आत आले, पण पुढचे दहा किलोमीटर हात थरथरत होते. फुगीर काच जास्त रुंद दाखवते, त्याची किंमत अंतरात घेते. मोटरसायकलच्या आरशांसाठी संयुक्त राष्ट्रांचा 81 क्रमांकाचा नियम आहे, त्यात काचेच्या वक्रतेची त्रिज्या 1000 ते 1500 मिलिमीटर ठरवलेली आहे. घरी कागदावर गणित मांडलं. त्रिज्या 1200 आणि डोळा आरशापासून 70 सेंटीमीटरवर धरला, तर 20 मीटरवरची गाडी 45 मीटरच्या आसपास असल्यासारखी छोटी दिसते. त्रिज्या 600 केली, म्हणजे काच आणखी फुगीर धरली, तर तीच 65 मीटरच्या पुढे. माझ्या आरशांच्या खोक्यावर वक्रतेचा उल्लेखच नव्हता, पण धाकट्या भावाला वीस पावलांवर उभा करून दोन्ही आरशांत बघितलं. मूळ आरशात तो भाऊ होता, नव्यात बाहुला.

म्हणून पाचव्या महिन्यात उजवीकडे, ओव्हरटेकच्या बाजूला, मूळ आरसा परत आणला आणि त्याखाली बाहेर सरकवणारा एक्स्टेंडर दिला. इथे एक तासभर वाया गेला. पाना लावून नेहमीच्या दिशेने जीव खाऊन फिरवतेय आणि नट आणखीच आवळतोय. उजवीकडचे आटे उलटे! यामाहाच्या बऱ्याच गाड्यांत असे असतात, म्हणजे आरशाला पुढून फटका बसला तर तो मोडण्याऐवजी सैल होऊन फिरतो. एक्स्टेंडर घेताना आरशाच्या दांड्याचे आटे 8 मिलिमीटर जाडीचे की 10, आणि आटे सुलटे की उलटे, दोन्ही बघून घ्या.

डावा बार-एंड तसाच ठेवलाय. तिथे मला अंतरापेक्षा कोणी घुसतंय का एवढंच कळायला हवं. आधी तो हँडलच्या खाली लावला होता, तर बघायला मान खाली जायची आणि समोरचा रस्ता सुटायचा. वर फिरवल्यावर ठीक झालं. गाडी त्या बाजूला रुंद झालीय, गेटच्या खांबाला दोनदा घासून काचेच्या कडेला ओरखडा पडलाय. खांद्याजवळचा ब्लाइंड स्पॉट, म्हणजे आरशात न दिसणारा भाग, लहान झाला, गेला नाही. वळण्याआधी मान वळवून बघतेच, फक्त झटकन. 60 च्या वेगाला एका सेकंदात गाडी जवळपास 17 मीटर पुढे गेलेली असते.

आता एका बाजूला उंच दांड्यावरचा चौकोनी आरसा, दुसऱ्या बाजूला टोकाला गोल. भाऊ म्हणतो, "ताई, एक शिंग मोडलेला बैल दिसतोय." दिसू दे. परवा गाडी मागून नेली त्याने, आणि आरशांना हात न लावता परत आणून दिली.