योकोहामा अर्ध्या दिवसात उरकू नका

टोकियोहून ट्रेनने जेमतेम अर्धा तास, म्हणून बरेच जण योकोहामा दुपारपुरतं बघतात, नूडल्सचं म्युझियम, दोन सेल्फी आणि परत. आम्ही दोन दिवस काढले, तेही कमीच पडले.

सुरुवात ओसानबाशी धक्क्यापासून करा. निहोन-ओदोरी स्टेशनवरून चालत जाता येतं. आहे ते क्रूझचं टर्मिनल, पण खरी मजा त्याच्या छतावर, आणि तिथे जायला जिना शोधत बसायचं नाही, लाकडी जमीनच हळूहळू वर चढत जाते आणि आपण कधी छतावर आलो कळतच नाही. 1995 च्या स्पर्धेत फर्शीद मुसावी आणि अलेहांद्रो झाएरा-पोलो या वास्तुविशारद जोडीचं डिझाइन निवडलं गेलं, टर्मिनल पूर्ण झालं 2002 मध्ये. आतल्या हॉलमध्ये मधे एकही खांब नाही, कागदाला घड्या घालाव्यात तसं स्टीलचं छत दुमडलंय, त्या घड्यांवरच सगळा भार. छत चोवीस तास उघडं आणि फुकट. संध्याकाळी एकीकडे मिनातो मिराई या किनाऱ्यावरच्या नव्या, उंच इमारतींच्या भागाचे दिवे, दुसरीकडे बे ब्रिज. वारा मात्र असला भन्नाट असतो की जॅकेट हवंच, आणि दुपारी सावली जवळजवळ नाही.

योकोहामा म्युझियम ऑफ आर्टची इमारत वास्तुविशारद केन्झो तांगेंची, 1989 ची. बाहेरून ग्रॅनाइटचा अवजड किल्ला वाटला, खरं सांगायचं तर मला नाही आवडला. पण मोठ्या डागडुजीनंतर 2025 मध्ये परत उघडलंय आणि मधल्या मोठ्या हॉलमध्ये वरून जो उजेड उतरतो ना, त्याने मत बदललं. गुरुवारी बंद असतं, लक्षात ठेवा. कप नूडल्स म्युझियम मुलं असतील तरच. स्वतःचा कप रंगवून सूप-टॉपिंग्ज निवडता येतात, पण शाकाहारी असाल तर तो कप नुसता शोकेसमध्ये ठेवायला.

लाल विटांची गोदामं बघाल तेव्हा एक बारीक गोष्ट बघा, दोन इमारतींपैकी एक बरीच आखूड आहे, कारण 1923 च्या भूकंपात तिचा अर्धा भाग पडला. यामाशिता पार्क तर त्याच भूकंपाच्या राडारोड्यावर भर घालून केलेलं. तिथे कोपऱ्यात घुमट असलेलं एक छोटं पाणपोईसारखं बांधकाम आहे, भूकंपानंतर इथल्या लोकांनी केलेल्या मदतीची आठवण म्हणून भारतीय व्यापाऱ्यांनी दिलेलं. बहुतेक लोक न बघताच पुढे जातात, आम्हीही आधी गेलोच होतो.

दुसरा अख्खा दिवस सांकेइएन या बागेला द्या. साकुरागिचो स्टेशनहून बस मिळते. रेशमाचे व्यापारी हारा सांकेई यांनी ही बाग 1906 मध्ये लोकांसाठी खुली केली, आणि क्योतोसारख्या ठिकाणच्या जुन्या इमारती आणून इथे उभ्या केल्या. टेकडीवरचा तीन मजली पॅगोडा 1457 चा, बागेत आणला 1914 मध्ये. आणि 1916 मध्ये रवींद्रनाथ टागोर इथेच पाहुणे होते! ते राहिले ती विटांची इमारत भूकंपात कोसळली, तिचे अवशेष वर, आजूबाजूचं बघायला बांधलेल्या डेकजवळ आहेत. डेकवरून समुद्र दिसेल म्हणून चढलो तर समोर हायवे आणि कारखाने, कारण किनाऱ्यावर भराव टाकलाय. खाली येऊन तळ्याकाठी बसलो आणि परतीची बस सुटली, पुढच्या बसचीही कुणी घाई केली नाही.