सीझर पडला तिथपासून फोरमपर्यंत: रोममधल्या वॉकिंग टूरचा आमचा अनुभव

गेल्या महिन्यात रोमला आम्ही चौघं गेलो होतो, मी, नवरा, सासूबाई आणि सासरे. एक सकाळ मोकळी होती म्हणून नवऱ्याने वॉकिंग टूर बुक केली, विषय एकच, सीझर आणि रोमन प्रजासत्ताक कसं कोसळलं. माणशी ५८ युरो, साडेतीन तास. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण माझ्या काही तक्रारी आहेत आणि गाईड मात्र इतकी चांगली होती की तिच्या कामावर त्या तक्रारींचा डाग नको.

पहिला स्टॉप लार्गो दी तोर्रे आर्जेन्तिना. भर चौकात, चारी बाजूंनी बस-टॅक्सी चालू आणि मधेच रस्त्याच्या खाली खोल खड्ड्यात चार देवळांचे अवशेष. १९२० च्या दशकाच्या शेवटी पाडापाडी करताना हे सापडलं आणि देवळांना सरळ ए, बी, सी, डी अशीच नावं दिली. २०२३ पासून खाली उतरून बघता येतं, तिकीट ५ युरो, ते आमच्या पॅकेजमधेच होतं. मांजरं भरपूर आहेत, सासूबाई त्यातच रमल्या.

मला वाटलं आता लगेच सीझरचा खून सांगणार. पण गाईडने आधी आम्हाला गोल देवळासमोर उभं केलं, देऊळ बी, ज्याचे काही खांब अजून उभे आहेत. हे बहुतेक कॅटुलसने बांधलेलं असं मानतात. इ.स.पू. १०१ मधे व्हर्सेलीच्या लढाईत कॅटुलस आणि मारियस या दोन रोमन सेनापतींनी मिळून उत्तरेकडून आलेल्या सिम्ब्री टोळ्यांना हरवलं, त्या लढाईत केलेल्या नवसाचं हे देऊळ. आणि १४ वर्षांनी त्याच मारियसने रोम ताब्यात घेतलं तेव्हा कॅटुलसला जीव द्यावा लागला. म्हणजे सीझर तेव्हा शाळकरी पोर होता, आणि सत्तेसाठी एकमेकांचे गळे धरणं तेव्हाच सुरू झालेलं होतं. मग ती सुल्ला या सेनापतीवर आली, इ.स.पू. ८८ मधे स्वतःच्याच शहरावर सैन्य घेऊन चालून आलेला, आणि पुढे ८२ मधे फोरममधे, म्हणजे रोमच्या जुन्या मुख्य चौकात, याद्या लावल्या, यादीत नाव असेल त्याला कोणीही मारावं आणि बक्षीस घ्यावं. हे सगळं डोक्यात बसल्यावरच तिने आम्हाला देवळांच्या मागच्या बाजूला नेलं.

तिथे दिसतं काय तर मोठ्या दगडी ठोकळ्यांचा एक चौथरा, बस. फोटोत काहीच येत नाही. पण ही पॉम्पी या सेनापतीने बांधलेल्या कुरियाची, म्हणजे सभागृहाची, जागा, इ.स.पू. ४४, १५ मार्चला सिनेटची बैठक इथे भरली होती. टिलियस सिंबरने अर्ज द्यायच्या निमित्ताने जवळ येऊन सीझरचा टोगा खेचला, कास्काने पहिला वार केला, एकूण २३ जखमा, आणि ज्या वैद्याने प्रेत तपासलं त्याच्या मते जीव घेणारी जखम त्यातली एकच, दुसरी, छातीतली. हे आकडे आपण वाचलेले असतात. मला माहीत नव्हतं ते पुढचं: सगळे पळून गेले आणि प्रेत बराच वेळ तसंच पडून होतं, शेवटी तीन गुलामांनी पालखीत घालून घरी नेलं आणि त्याचा एक हात बाहेर लोंबत होता. त्या दगडांकडे बघताना तो हातच डोळ्यासमोर येत होता. कट करणारे ६० च्या आसपास, सगळे मोठे लोक, आणि प्रेत उचलायला तीन गुलाम.

सासऱ्यांनी विचारलं की सिनेटचं घर तर फोरममधे, मग बैठक इथे का. गाईडचा चेहराच खुलला, म्हणाली याचं उत्तर फोरममधे देते, आणि खरंच दिलं.

मधलं चालणं साधारण पंधरा-वीस मिनिटांचं आणि इथेच तक्रारी सुरू होतात. हेडसेटमधे सतत खरखर, सासऱ्यांचा तर बंदच पडला आणि जास्तीचा सेट कोणाकडे नव्हता. जाहिरातीत ग्रुप जास्तीत जास्त १२ जणांचा लिहिलेला, आम्ही मोजले तर १९. फोरमच्या दारात रांगेत पंचवीस मिनिटं गेली आणि ती वेळेत धरली नाहीत, म्हणजे आमची टूर तेवढी कमी झाली. नंतर मेल केली तर हेडसेटबद्दल सॉरी आलं, ग्रुपबद्दल एक शब्द नाही. ५८ युरो घेता ना, मग १२ म्हणजे १२.

आता फोरममधलं. मी ही टूर ज्या एका गोष्टीसाठी सांगेन ती म्हणजे इथे तिने आम्हाला दोन अंत्ययात्रा दाखवल्या, तिथली कुरिया (सिनेटची इमारत) आणि सीझरचं देऊळ यांच्या मधे उभं करून. पहिली क्लोडियसची. हा लोकांना भडकवणारा नेता, स्वतःची गुंडांची टोळी बाळगणारा, इ.स.पू. ५२ च्या जानेवारीत आप्पियन रस्त्यावर विरोधक मिलोच्या माणसांनी त्याला मारलं. बायको फुल्व्हियाने जमलेल्या लोकांना नवऱ्याच्या जखमा दाखवल्या, जमाव पेटला, प्रेत उचलून सिनेटच्या इमारतीत नेलं आणि तिथलेच बाक-टेबलं-कागदपत्रं रचून जाळलं, इमारतही जळाली. शहर इतकं हाताबाहेर गेलं की पॉम्पीला एकट्यालाच कॉन्सुल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, नेमावं लागलं, जे पद कायम दोघांनी मिळून सांभाळायचं असतं. जळालेली कुरिया सुल्लाच्या मुलाने परत बांधली, पण सीझरने ती काढून नवीन बांधायला घेतली. म्हणून ४४ मधे सिनेटला स्वतःचं घर नव्हतं, म्हणून बैठक पॉम्पीच्या कुरियात. सासऱ्यांनी नुसती मान हलवली. मला अंगावर काटा आला.

दुसरी अंत्ययात्रा सीझरची. रोस्ट्रावर, म्हणजे भाषणाच्या चौथऱ्यावर, सीझरचा सहकारी अँटनी याने भाषण केलं, मृत्युपत्रात प्रत्येक नागरिकाला ३०० सेस्टर्स ठेवलेत हे लोकांना कळलेलं, वर रक्ताने भरलेले कपडे दाखवले, आणि पुन्हा तेच, मिळतील ते बाक ओढून तिथेच चिता. आठ वर्षांत दोनदा, त्याच चौकात, त्याच पद्धतीने. आणि फुल्व्हिया पुढे याच अँटनीची बायको झालेली. चिता झाली तिथे नंतर देऊळ बांधलं, इ.स.पू. २९ मधे सीझरचा वारस ऑक्टेव्हियन, म्हणजे पुढचा सम्राट ऑगस्टस, याने त्याचं उद्घाटन केलं. आज एका साध्या छपराखाली मातकट ढेकळासारखं काहीतरी शिल्लक आहे आणि त्यावर लोक अजून फुलं ठेवतात, आम्ही गेलो तेव्हा सुकलेले गुलाब आणि थोडी नाणी होती. सासूबाईंनी हात जोडले.

इथेच तिने पिशवीतून एक नाणं काढून सगळ्यांच्या हातात फिरवलं, नक्कल अर्थात. एका बाजूला दोन खंजीर आणि मधे टोपी, गुलामाला स्वातंत्र्य मिळालं की घालतात ती, खाली १५ मार्चची तारीख. कटातला एक म्होरक्या ब्रुटस याने पाडलेलं नाणं. सासऱ्यांनी ते उलटं केलं तर दुसऱ्या बाजूला ब्रुटसचाच चेहरा. जिवंतपणी नाण्यावर स्वतःचा चेहरा छापला हा सीझरवरचा एक मोठा राग होता, आणि साधारण दोन वर्षांत ब्रुटसनेही तेच केलं. यावर तिने काही भाष्य केलं नाही, नाणं हातात राहू दिलं.

रोस्ट्रापाशी प्रसिद्ध वक्ता सिसेरोचं झालं. इ.स.पू. ४३ च्या डिसेंबरमधे त्याला मारून डोकं आणि हात इथे टांगले, जिथून तो भाषणं करायचा तिथेच. सुल्लासारखीच तेव्हाही मारायच्या लोकांची यादी निघाली होती आणि ऑक्टेव्हियनने तिला संमती दिली होती हे तिने स्पष्ट सांगितलं, बऱ्याच ठिकाणी ऑगस्टस म्हटलं की फक्त शांतता आणि संगमरवर सांगतात, ते हिने केलं नाही. मला हे फार आवडलं.

कुरियाची आत्ता उभी इमारत डायोक्लेशनच्या काळातली आहे, मूळ ब्राँझचे दरवाजे लॅटरनच्या चर्चला नेलेत, इथे नकला. त्या दिवशी आत सोडत नव्हते, हे बुकिंगच्या वेळी सांगायला हवं होतं.

शेवटची दहा मिनिटं नुसती धावपळ. इ.स. ६९ मधे सम्राट गॅल्बाला सैनिकांनी फोरममधल्याच लॅकस कर्टियस या जागेपाशी मारलं, त्या एका वर्षात चार सम्राट झाले, हे सगळं दोन मिनिटांत उरकलं कारण तिची पुढची टूर उभी होती. रांगेत गेलेली पंचवीस मिनिटं इथे हवी होती.

गाईडला पाचपैकी पाच, कंपनीला तीन. जाणार असाल तर कुरिया उघडी आहे का आणि ग्रुप किती जणांचा आहे हे आधी लेखी विचारून घ्या, सकाळची पहिलीच वेळ घ्या आणि बूट चांगले घाला, फोरममधले जुने दगड खूप उंचसखल आहेत, सासूबाईंचा पाय दोनदा मुरगळता मुरगळता राहिला.