झूमचा वर्ग की व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस नोट? कोकणात ऑनलाइन इंग्रजी शिकवायचं ठरवताना

रत्नागिरी-सिंधुदुर्गात बसून ऑनलाइन स्पोकन इंग्लिश शिकवायचं म्हटलं की खरे पर्याय दोनच उरतात. ठरल्या वेळी झूम किंवा गूगल मीटवर वर्ग, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आणि त्यावर रोजचे व्हॉइस नोट. तयार अ‍ॅप आहेत, ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-पोर्टलवर व्हिडिओ आहेत, ऐकायला-वाचायला ते ठीक. पण समोरच्याला बोलतं करणारा माणूस त्यात नाही, म्हणून ते इथे बाजूला ठेवतो.

आधी रेंज, कारण आपल्याकडे बाकी सगळं तिथेच अडतं. सड्यावर चार काड्या आणि खाली खाडीलगतच्या वाडीत शून्य, हा अनुभव कोकणात कुणाला नवा नाही. पावसाळ्यात लाईट गेली की काही वेळाने टॉवरही मान टाकतो. जून 2020 मध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. ऑनलाइन वर्गाचं तेव्हा काय झालं असेल ते सांगायला नको. झूमचा मोफत वर्ग 40 मिनिटांचा. त्यातली पहिली सात-आठ ‘सर, आवाज येतोय का?’ मध्येच जातात. व्हॉइस नोटला घाई नसते. रेंज मिळेल तेव्हा जातो, मिळेल तेव्हा उतरतो.

त्याहून मोठा फरक आवाजाचा आहे, आणि तो बऱ्याच शिक्षकांच्या लक्षात येत नाही. कमी रेंजमध्ये कॉलचा आवाज दाबला जातो तेव्हा आधी बळी जातात ते इंग्रजीतले s, f, th यांसारखे हवा घासून निघणारे आवाज. ‘फ्री’ की ‘थ्री’ ते कळेनासं होतं. मग विद्यार्थी चुकला की नेटवर्कने अक्षर खाल्लं, याचा निवाडा करत बसा. व्हॉइस नोट आधी फोनवर रेकॉर्ड होतो, मग जातो; रेंज खराब असली तर उशीर होतो, आवाज बिघडत नाही.

व्हिडिओची बाजू घ्यायची तर तोंड दिसतं. आपल्या मराठी ‘व’मुळे ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ एकाच छापाचे निघतात. ओठांचा चंबू कुठे आणि वरचे दात खालच्या ओठावर कुठे, हे कॅमेऱ्यासमोर दोन मिनिटांत दाखवता येतं. आवाजातून समजावायला गेलं तर आठवडा जातो.

शिकणारा कोण, यावरही बरंच ठरतं. मालवण-तारकर्लीकडच्या होमस्टेवाल्या काकू घ्या. त्यांचं रोजचं वाक्य ‘यू कम व्हेन?’ पाहुण्याला कळतं, पण त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. त्यांनी ते व्हॉइस नोटवर पाठवलं, शिक्षिकेने ‘व्हॉट टाइम विल यू रीच?’ असं बोलून परत पाठवलं, की काकू स्वयंपाक करता करता ते पाच वेळा ऐकतात, दोनदा पुसून पुन्हा रेकॉर्ड करतात. झूमवर दहा जणांसमोर त्या तोंड उघडणार नाहीत. कॅमेरा बंद, माइक बंद, आणि मॅडम एकट्याच बोलतायत, हे दृश्य ज्याने वर्ग घेतलाय त्याला ठाऊक आहे.

उलट बोटीवर जायची तयारी करणारा मुलगा. जहाजावरच्या संभाषणासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये ठरवून दिलेली प्रमाण वाक्यं तो पाठ करेल, पण मुलाखतीत प्रश्न अंगावर येतो आणि उत्तर तिथल्या तिथे द्यावं लागतं. त्याला पुसून पुन्हा बोलायची सवय लावणं घातकच. त्याला थेट कॉलच हवा, आणि तोही दोघा-तिघांचा.

आता शिक्षकांचं. ‘जुने शिक्षक टेक्नॉलॉजीला घाबरतात’ हे फार सैल विधान आहे. माणसं नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात यावर संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी 1989 मध्ये मांडलेल्या मॉडेलमध्ये दोन प्रश्न मध्यवर्ती आहेत: हे माझ्या कामाचं आहे का, आणि वापरायला सोपं आहे का. जे गुरुजी व्हॉट्सअ‍ॅपवर पाककृतीपासून निवडणुकीपर्यंत सगळं पाठवतात ते फोनला घाबरत नाहीत. पण शाळेत ‘ऑनलाइन’ म्हणजे त्यांच्या वाट्याला बहुतेक माहिती भरणं आणि फोटो अपलोड करणं आलं. मुलांशी त्याचा संबंध क्वचित. झूमवर तर चेहरे वाचून वर्ग सांभाळायचं त्यांचं कसबच निकामी होतं. अशा शिक्षकाला व्हॉइस नोटपासून सुरुवात करू द्या. उलट तरुण शिक्षक स्लाइड, क्विझ, पोल यांत इतके रमतात की तासभरात विद्यार्थ्याच्या तोंडून चार वाक्यंही येत नाहीत. मला विचाराल तर मला पहिल्यापेक्षा या दुसऱ्यांची जास्त धास्ती वाटते.

व्हॉइस नोट शिक्षकाच्या वेळेवर मात्र डल्ला मारतो. वीस जणांचे एक-एक मिनिट ऐकायचे आणि तेवढंच उत्तर द्यायचं, म्हणजे रोजची 40 मिनिटं, तीही जेवणं आटोपल्यावर. शिवाय घरच्यांना तो ‘क्लास’ वाटत नाही. ‘नुसते मेसेज तर पाठवतायत’ म्हणून फी देताना हात आखडतो.

म्हणून माझा कौल असा. होमस्टे, दुकान, शाळेतली मुलं असतील तर व्हॉइस नोट मुख्य ठेवा आणि आठवड्यातून एकदा उच्चारांपुरता छोटा व्हिडिओ वर्ग घ्या, म्हणजे फीचाही प्रश्न सुटतो. मुलाखतीची तयारी असेल तर उलट करा. ग्रुप बारापेक्षा मोठा करू नका, आणि रात्री नऊनंतर आलेल्या नोटला उत्तर दुसऱ्या दिवशी, हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहून टाका.