दोन चॅनेलचं स्टिम्युलेटर घेताना 'ऑफ' वेळ आधी बघा

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडी बारीक झाली की फिजिओथेरपिस्ट बरेचदा बॅटरीवर चालणारं दोन चॅनेलचं (पॅडच्या दोन जोड्यांचं) स्टिम्युलेटर सुचवतात, म्हणजे त्वचेवरच्या पॅडमधून करंट देऊन स्नायू आवळायला लावणारं यंत्र. खोक्यावर मिलिअँपिअरचा, म्हणजे करंट किती जोराचा त्याचा, आकडा ठळक असतो. तो शेवटी पाहावा. आधी बघायचं ते फ्रिक्वेन्सी (सेकंदाला करंटचे किती झटके, म्हणजे पल्स) आणि 'ऑफ' वेळ (दोन आकुंचनांमधली विश्रांती) आपल्याला बदलता येते का.

आपण स्वतः पाय ताणतो तेव्हा स्नायूतले मोटर युनिट (एकेका चेतातंतूवर चालणारे स्नायूतंतूंचे गट) आळीपाळीने राबतात, काही दमले की दुसरे पुढे येतात. यंत्राच्या करंटमध्ये ही सोय नाही. पॅडखालचे तेच ते तंतू प्रत्येक पल्सला एकदम आवळतात, त्यामुळे काही मिनिटांतच जोर उतरतो.

म्हणूनच तयार प्रोग्राम ही अशा यंत्रांची लंगडी बाजू. १० सेकंद चालू, १० सेकंद बंद हे चक्र अशक्त स्नायूला झेपत नाही. मॅन्युअल मोड, म्हणजे आकडे स्वतः ठरवायची सोय, असलेलंच यंत्र घ्यावं. थेरपिस्टने वेगळं सांगितलं नसेल तर सुरुवातीला ३५ हर्ट्झ, पल्सची रुंदी (एक पल्स टिकण्याची वेळ) ३०० मायक्रोसेकंद, १० सेकंद चालू, ५० सेकंद बंद आणि एका बैठकीत १० ते १५ आकुंचनं पुरेत. पुढे बंद वेळ ३० सेकंदांवर आणता येते. ५० हर्ट्झला आकुंचन घट्ट येतं, पण थकवाही लवकर; २० च्या खाली स्नायू नुसता थरथरतो.

माहितीपुस्तिकेत एक गोष्ट जरूर शोधा: करंट चढण्या-उतरण्याची सेकंदं 'ऑन' वेळेतच धरली आहेत का? चढ २ आणि उतार २ असेल, तर १० सेकंदांतली सहाच पूर्ण जोराची उरतात.

सोबत मिळणारे लहान चौकोनी पॅड मांडीला अपुरे पडतात. करंट थोड्या जागेत एकवटतो, टोचतं, आणि स्नायू नीट आवळायच्या आधीच बटण खाली आणावं लागतं. जेल सुकल्यावरही हेच होतं. ५ बाय ९ सेंटिमीटरचे पॅड वेगळे घ्या. एक मांडीच्या वरच्या भागात बाहेरच्या अंगाला, दुसरा गुडघ्याच्या वर आतल्या फुगवट्यावर.

जोर घटला म्हणून करंट थोडा वाढवला तर आधी न जागलेले तंतू कामाला लागतात. दोन-तीनदा वाढवूनही आकुंचन पहिल्यासारखं येत नसेल, तर ती बैठक तिथेच थांबवा.

पेसमेकर असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हे यंत्र लावू नये. गळ्याच्या पुढच्या बाजूला आणि छातीवर पॅड कुणीच लावू नयेत.