ड्रमचा समतोल कुठे साधायचा : एकाच ट्रॅकवर, की वाद्य वेगळी करून?

घरच्या रेकॉर्डिंगमध्ये सॉफ्टवेअरने वाजवलेले ड्रम बहुतेक वेळा एकाच स्टिरिओ ट्रॅकवर असतात. मिक्सिंगला बसलं की कळतं, हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) कानाला टोचतेय, किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) गिटारखाली गाडली गेलीय, आणि हाताशी फेडर, म्हणजे पातळी कमी-जास्त करायची पट्टी, मात्र एकच. यातून चार वाटा निघतात: नोटची व्हेलॉसिटी (फटक्याचा जोर) बदलणं, ड्रम वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आतला मिक्सर वापरणं, मल्टी-आउट करणं (प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळ्या आउटपुटमधून बाहेर काढणं) किंवा एकेक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर काढणं. कोणती घ्यायची हे बऱ्याच अंशी सॉफ्टवेअरवर ठरतं, म्हणून इथे गॅरेजबँड आणि रीपर ही दोन रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर समोरासमोर ठेवली आहेत. गॅरेजबँड मॅकवर फुकट मिळतं. रीपर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. ६० दिवस वापरून बघता येतं आणि घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरचा आहे.

आधी व्हेलॉसिटीचा गैरसमज दूर करू. १ ते १२७ मधला हा आकडा काठी किती जोरात पडली ते सांगतो; आवाजाची पातळी हा त्याचा फक्त एक परिणाम. चांगल्या ड्रम किटमध्ये हलक्या आणि जोरकस फटक्यांचे वेगवेगळे नमुने भरलेले असतात. स्नेअर मोठी वाटते म्हणून सगळ्या नोट १२० वरून ८० वर आणल्या, तर स्नेअर लहान होतेच, पण मवाळही होते आणि तिचा कडकपणा जातो. हॅटचे ठोके ९० आणि ६० असे आलटूनपालटून ठेवायला किंवा स्नेअरचे घोस्ट नोट (जेमतेम ऐकू येणारे हलके फटके) २५ ते ४५ मध्ये बसवायला व्हेलॉसिटीसारखं साधन नाही. पातळी ठरवायला मात्र ती वापरू नका. गॅरेजबँडच्या ड्रमर (आपोआप वाजवणारा ड्रमवादक) एडिटरमध्ये पिवळा ठिपका ‘लाउड’कडे सरकवला तरी हेच होतं: वाजवणारा जोरात वाजवू लागतो, मिक्स तसाच राहतो.

आतला मिक्सर ही सगळ्यात सोपी वाट, आणि आमच्या मते निम्म्याहून जास्त लोकांनी इथेच थांबावं. गॅरेजबँडमध्ये ड्रमर ट्रॅक निवडून बी दाबा. स्मार्ट कंट्रोल्स उघडतात. तिथे किक, स्नेअर, टॉम, हाय-हॅट, सिम्बल यांच्या पातळ्यांची वेगवेगळी बटणं असतात. फक्त ‘हॅट जास्त, किक कमी’ एवढीच तक्रार असेल, तर दोन मिनिटांचं काम आहे. अट एकच: कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारा इफेक्ट) आधी बंद करा. तो सगळ्या किटवर एकत्र चालतो, त्यामुळे किक वाढवली की प्रत्येक किकबरोबर हॅट आणि सिम्बल दबतात. मग हॅट वाढवाविशी वाटते आणि हे चक्र संपत नाही. पातळ्या जुळल्यावर कॉम्प्रेसर पुन्हा लावा.

ही वाट संपते कुठे? फक्त स्नेअरवर रिव्हर्ब (घुमारा) हवा, किकला वेगळा ईक्यू (तळ-टोक कमी-जास्त करणारा इफेक्ट) हवा किंवा कोरसमध्येच टॉम वर यायला हवेत, तिथे. गॅरेजबँडमध्ये मल्टी-आउट नाही, बाहेरचं ड्रम प्लगिन (वेगळं बसवायचं वाद्य-सॉफ्टवेअर) टाकलं तरी नाही. रीपर इथे स्पष्ट पुढे आहे. मल्टी-आउट प्लगिन नव्या ट्रॅकवर घातलं की ‘रूटिंग बांधू का?’ असं तो स्वतःच विचारतो. होय म्हटलं की आउटपुटच्या प्रत्येक जोडीसाठी ट्रॅक तयार. तरीही सगळा आवाज पहिल्याच ट्रॅकवर आला, तर दोष रीपरचा नाही. बहुतेक प्लगिनमध्ये सुरुवातीला सगळी वाद्यं आउटपुट १ वरच असतात. प्लगिनच्या मिक्सरमध्ये जाऊन किक १, स्नेअर २, हॅट ३ अशी वाटणी आपल्यालाच करावी लागते. दुसरी तपासणी: मूळ ट्रॅकचा मास्टर सेंड (मुख्य आउटपुटकडे जाणारी वाट) चालू आणि त्याच आवाजाचा नवा ट्रॅकही चालू, असं झालं तर तोच आवाज दोनदा पोचतो आणि पातळी ६ डीबीने वाढते. किक अचानक अवाढव्य वाटली तर आधी हेच बघा.

मल्टी-आउट केल्यावर एक गोष्ट नवख्याला चक्रावून टाकते. स्नेअरचा फेडर पार खाली ओढला तरी स्नेअर ऐकू येतेच. कारण ओव्हरहेड (किटच्या वर लावलेल्या) आणि रूमच्या (खोलीचा आवाज पकडणाऱ्या) माइकमध्येही ती भरलेली असते, खऱ्या किटमध्ये असते तशीच. म्हणून असं किट असेल तर क्रम उलटा ठेवा: आधी ओव्हरहेड लावा, त्यात पूर्ण किट कसं वाटतं ते ऐका, आणि जे कमी पडतं त्याचाच जवळचा माइक वर घ्या. मास्टरवर पुरेशी मोकळी जागा राहावी म्हणून किकचा उच्चांक -१० डीबीच्या आसपास ठेवून सुरुवात करा. स्नेअर कानाने तिच्या बरोबरीला आणा. टॉमची पातळी फिल (दोन ओळींमधला भरणा) वाजत असतानाच ठरवा. हॅट ऐकू येईपर्यंत वर घ्या आणि मग २ डीबी खाली. मीटरवर हॅट -२० दाखवत असली तरी ती मोठी वाटू शकते. २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आपले कान सर्वाधिक तल्लख असतात. उलट लॅपटॉपच्या स्पीकरवर किकचा तळ वाजतच नाही, म्हणून लोक तिला वाढवत सुटतात आणि गाडीत काचा थरथरतात. त्यापेक्षा ३-४ किलोहर्ट्झपाशी २-३ डीबी वाढवून तिचा ‘टक्’ बाहेर काढा.

चौथी वाट, म्हणजे वाद्य वेगवेगळ्या ट्रॅकवर, गॅरेजबँडवाल्यांची नाइलाजाची. ड्रमरचा तुकडा सॉफ्टवेअर इन्स्ट्रुमेंटच्या ट्रॅकवर ओढला की त्याचं मिडी (ध्वनीऐवजी नोटची नोंद) होतं. मग तशाच सेटिंगचे आणखी ट्रॅक काढा, ऑप्शन की दाबून तुकड्याची प्रत प्रत्येकावर ओढा आणि प्रत्येक प्रतीतून नको त्या नोट पुसा. कापून चिकटवण्यापेक्षा हे सुरक्षित. चिकटवलेल्या नोट प्लेहेडपासून (गाण्यातली जागा दाखवणाऱ्या रेघेपासून) बसतात, त्यामुळे ठेका सरकण्याची भीती असते. जनरल मिडीच्या (सर्वमान्य नोट-क्रमांकांच्या) मांडणीत किक ३६, स्नेअर ३८, बंद हॅट ४२, पायाची ४४, उघडी ४६. या तीन हॅट कधीही एकमेकींपासून तोडू नका. बंद हॅट वाजली की उघडीचा नाद तुटायला हवा, आणि ते तिन्ही एकाच ट्रॅकवरच्या ड्रम सॉफ्टवेअरमध्ये असल्याशिवाय होत नाही. तोडल्या तर उघडी हॅट पुढच्या ठोक्यावर सांडत राहते. रीपरमध्ये नोटनिहाय ट्रॅक एका आज्ञेत होतात, पण तो फसवा मोह आहे. फक्त मिडी वाहणाऱ्या ट्रॅकच्या फेडरने आवाज हलत नाही. प्रत्येक ट्रॅकवर स्वतंत्र ड्रम प्लगिन हवं, आणि ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मोठं किट सात-आठदा उघडणं जड जातं.

खरं सांगायचं तर आठ फेडर क्वचितच लागतात. किक, स्नेअर आणि बाकी सगळं, असे तीन ट्रॅक केले की घरच्या गाण्याचं भागतं. गॅरेजबँडवाल्याने तीनच प्रती काढाव्यात. त्यापलीकडे दर गाण्यात जावं लागत असेल, तर जुगाड वाढवण्यापेक्षा रीपर घ्यावा किंवा लॉजिक प्रो या अ‍ॅपलच्याच मोठ्या सॉफ्टवेअरकडे जावं. लॉजिकमध्ये गॅरेजबँडचा प्रोजेक्ट थेट उघडतो आणि प्रोड्यूसर किट निवडलं की प्रत्येक वाद्याचा चॅनल वेगळा मिळतो.

ढोलकी किंवा ताशाचा तयार लूप वापरत असाल तर यातलं काहीच लागू नाही. तो मिसळलेला ध्वनी आहे, त्याच्या आत फेडर नाहीत. ढोलकीचा धुम आणि किक एकमेकांवर चढत असतील, तर लूपचा १०० हर्ट्झखालचा भाग ईक्यूने उतरवा आणि तळ किककडे सोडा.

गॅरेजबँडमधून एकेक वाद्य सोलो करून बाहेर काढणार असाल, तर सेटिंगमधल्या अॅडव्हान्स्ड विभागातलं ‘ऑटो नॉर्मलाइझ’ आधी बंद करा. ते चालू राहिलं तर प्रत्येक फाइल पूर्ण पातळीला ताणली जाते आणि हॅट किकइतकीच मोठी होऊन बाहेर पडते.