चेक टाकू नका, प्रार्थना करा

हे लिहू नये म्हणून मला पाच जणांनी सांगितलं. त्यातले चार माझ्याच मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले. म्हणाले, "सिस्टर, बाहेरचे लोक काय म्हणतील?" मंडळीचं आणि त्या माणसाचं नाव मी लिहिणार नाही. पण फसले कशी ते लिहिणार आहे. पोलिसांकडे गेले तेव्हा दुसऱ्या तालुक्यातलं एक जोडपं त्याच बाकावर बसलेलं होतं. तेही ख्रिस्ती, आणि त्यांना फसवणारा माणूस वेगळा असला तरी गोष्ट अगदी माझीच.

मी नगर जिल्ह्यातली. जिल्हा परिषदेच्या आरोग्य केंद्रात 31 वर्षं नर्स होते, 2020 मध्ये निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीचे पैसे बँकेत पडून होते. व्याज सहा टक्क्यांच्या आतबाहेर, म्हणजे महागाईपुढं काहीच नाही. ही कुरकुर मी महिला मंडळात मोठ्यानं केली होती. आता वाटतं, आपल्याकडं किती पैसे आहेत आणि ते कुठं आहेत हे चहाच्या वेळी बोलायची गरज नव्हती.

आमच्याकडं 1831 पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम. त्यामुळं जुनी घराणी एकमेकांना पणजोबांपासून ओळखतात. नवा माणूस आला की तीन प्रश्न ठरलेले: गाव कुठलं, बोर्डिंगला कुठं होता, लग्न कोणी लावलं. हा माणूस नेवाशाकडचा. तिन्ही प्रश्नांची उत्तरं पक्की दिली, वर माझ्या चुलतसासऱ्यांच्या शाळेतल्या छडीची गोष्टही सांगितली. झालं. धंद्याचे कागद कोणी मागितलेच नाहीत, घराण्याचे तेवढे तपासले. सगळे त्यांना बंधू म्हणत, मीही म्हणायचे.

बंधूंचा शाळांना बाक, कपाटं, गणवेश पुरवण्याचा धंदा होता. निदान ते तसं सांगत. सरकारी बिलं उशिरा निघतात, मधल्या काळात भांडवल लागतं, बँकेला व्याज देण्यापेक्षा "विश्वासाच्या घराण्याला" द्यावं असं म्हणायचे. महिन्याला चार टक्के. वर्षाचे अठ्ठेचाळीस होतात हा हिशेब मला येत नव्हता असं नाही. औषधाचे डोस काढण्यात जन्म गेला माझा. पण हिशेब केलाच नाही. दर रविवारी ते दशांशाचं, म्हणजे देवाला द्यायच्या कमाईच्या दहाव्या भागाचं, पाकीट ताटात असं ठेवायचे की जाडी दिसावी, आणि साक्ष देताना, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढं सांगताना, डोळे भरून यायचे. नवऱ्याच्या आजारपणात रात्री दोन वाजता गाडी घेऊन आले होते. हे खोटं नव्हतं. ती रात्र खरीच होती, म्हणून तर पुढचं सोपं गेलं.

जुलै 2021 मध्ये पाच लाख दिले. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिखापढी केली. ठेव म्हणून नाही, "हातउसनी रक्कम" म्हणून. मी विचारलं, तर म्हणाले, "उगाच कराची भानगड नको, आपण काय परके आहोत का?" वाक्य साधं होतं, पण पुढं पोलिस ठाण्यात त्याच शब्दावर बोट ठेवून साहेब म्हणाले, "बाई, उसने दिलेत ना? मग ही दिवाणी बाब आहे."

दर महिन्याला वीस हजार येत होते. सात महिने, एक तारीख चुकली नाही. मी त्यातला दशांश काढायचे, महिन्याला दोन हजार. एकूण चौदा हजार रुपये मी माझ्याच मुद्दलातून देवाला दिले आणि त्याला आशीर्वाद समजत राहिले. आता हसू येतं, तेव्हा साक्ष दिली होती.

आणि ती साक्ष हीच माझी चूक. पैसे माझे गेले, ते माझं नशीब. पण साक्ष ऐकून आमच्या मंडळातल्या एक अक्का माझ्याकडं आल्या. नवरा गेलेला, अंगणवाडीत मदतनीस, मुलीच्या लग्नासाठी साठवलेले दीड लाख. "सिस्टर, तुम्ही सांगता तर देऊ का?" मी हो म्हटलं. नुसतं हो नाही, हाताला धरून बंधूंकडं घेऊन गेले.

मार्च 2022 ला पैसे थांबले. आधी बिल अडकलं, मग अधिकारी बदलला, मग मुलीचं ऑपरेशन. जूनमध्ये मी हट्ट धरला तेव्हा त्यांनी मुद्दलाचा चेक दिला, 15 जूनची तारीख घालून. हातात देताना म्हणाले, "इतक्यात टाकू नका, खात्यात पैसे येतायत. तोवर आपण प्रार्थना करू." तिथंच, माझ्या ओसरीवर, गुडघे टेकून त्यांनी प्रार्थना केली. मी टाकला नाही. दर आठवड्याला फोन, दर आठवड्याला "अजून थोडं थांबा". सप्टेंबरच्या अखेरीला बँकेत गेले, तर काउंटरवरच्या पोरानं चेक उलटसुलट करून परत दिला. "आजी, याची तारीख गेली. तीन महिन्यांच्या आत टाकायचा असतो." तो कागद अजून माझ्याकडं बायबलमध्ये आहे. गुडघे टेकण्यामागं कॅलेंडर होतं हे कळायला मला नव्वद दिवस लागले.

मग मी पाळकसाहेबांकडं, आमच्या चर्चच्या धर्मगुरूंकडं, गेले. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, पण भांडण म्हटलं की त्यांना घाम फुटतो. त्यांनी बायबलमधल्या पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय काढला: भाऊ भावावर फिर्याद करतो, आणि तीही विश्वास न ठेवणाऱ्यांपुढं? त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? पंचमंडळातल्या दोघांनी मान डोलावली. मी घरी आले आणि रडले.

रात्री तोच अध्याय सुरुवातीपासून वाचला. पौल त्याच ठिकाणी विचारतो की तुमच्यात भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा नाही का. म्हणजे मंडळीनं निवाडा करावा, ही तर त्याची अपेक्षा. पुढं, भावालाच नाडणाऱ्यांनाही तो सोडत नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात तर पायऱ्याच दिल्यात: आधी एकट्यानं जाऊन सांग, मग एक-दोघांना बरोबर घे, मग मंडळीला कळव. आमच्याकडं पहिलीच पायरी चढून सगळे उतरले. बंधूंना पंचांपुढं एकदाही बोलावलं नाही. कारणही पुढं कळलं, दोघा पंचांना अजून "व्याज" मिळत होतं.

यापेक्षा जास्त लागलं ते कॉटेज मीटिंगमध्ये. ऑक्टोबरमधला गुरुवार, एका घरी पंधरा-वीस जण. एका बाईंनी डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना केली, "प्रभू, आमच्या एका भगिनीच्या मनातला पैशाचा लोभ काढून टाक." सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले, सवयीनं, आणि मग लक्षात आलं की सगळ्यांचे डोळे मिटलेले असले तरी मान माझ्याकडं होती. माझी गोष्ट मी फक्त पाळकीणबाईंना, प्रार्थनेसाठी म्हणून सांगितली होती. चुगलीला आमच्यात प्रार्थना-विनंती असं गोंडस नाव आहे. उत्तर देता येत नाही, कारण प्रार्थनेच्या मध्ये कोण बोलणार?

शेवटी भाच्यानं वकील गाठून दिला. बंधूंनी नोव्हेंबरच्या तारखेचा दुसरा चेक दिला होता, तो वकिलांनी जानेवारी 2023 मध्ये टाकायला लावला. अपेक्षेप्रमाणे परत आला. मग नियम कळले. चेक परत आल्याचं बँकेनं कळवल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, ती पोचल्यावर समोरच्याला पैसे भरायला 15 दिवस, आणि नाही भरले तर त्यापुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. चेक न वटल्याबद्दलचं हे कलम 138. यातला एक दिवस चुकला तरी समोरचा वकील तेवढ्यावरच नाचतो. परत आलेल्या चेकसोबतची बँकेची चिठ्ठी जपून ठेवा, माझी मी पिशवीत टाकून जवळजवळ हरवली होती.

दुसरी गोष्ट. बऱ्याच लोकांकडून असे पैसे गोळा केलेले असतील तर तो नुसता उसनवारीचा मामला राहत नाही. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राचा 1999 चा कायदा आहे, त्यात मालमत्तेवर टाच आणता येते, आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा 2019 चा केंद्राचाही आहे. पण त्यासाठी फसलेल्या लोकांनी एकत्र पुढं यायला हवं. मी मंडळीतली अकरा घरं फिरले. नऊ घरांनी चहा दिला, सही कोणीच केली नाही. "आपल्या माणसाला तुरुंगात घालायचं का?" एकानं तर मला बायबलमधल्या हनन्या आणि सप्पीरेची, देवाला द्यायचे पैसे लपवणाऱ्या जोडप्याची, गोष्ट ऐकवली, जणू पैसे मीच लपवले होते. दहाव्या घरानं दार उघडलं नाही. अकरावं घर अक्कांचं होतं, तिथं जायचं धाडस मला शेवटपर्यंत होत नव्हतं.

गेले. त्यांनी काही विचारलं नाही, आत जाऊन चष्मा आणला आणि जिथं दाखवलं तिथं सही केली. दोनच सह्या, त्यांची आणि माझी. केस चालू आहे, तारखा पडतायत. बंधू दुसऱ्या गावच्या मंडळीत गेलेत, तिथं त्यांना वेदीवर बोलायलाही मिळतं असं ऐकते.

अक्कांचे दीड लाख मी पेन्शनमधून फेडतेय, महिन्याला तीन हजार. त्या आधी नको म्हणाल्या, मग घेऊ लागल्या. एक तारखेला मी जाते. त्या नोटा दोनदा मोजतात, वहीत तारीख आणि रक्कम लिहितात, आणि वही माझ्यापुढं सरकवतात.

"सही करा, सिस्टर," म्हणतात.

मी करते.